मिठाच्या पिशवीचा हिशोब

गटात आपण रुपयान् रुपयाचा हिशोब ठेवतो. आज मिठाचा हिशोब मांडू.

आपल्या बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात चोपण जमीन सगळ्यांच्या ओळखीची आहे. ती बिघडते सोडियम वाढल्यामुळे. तेच सोडियम मिठात असते. आपल्या अंगाला ते लागतेच; नसा आणि स्नायू त्यावर चालतात. पण जास्त झाले की ते अंगात पाणी धरून ठेवते आणि रक्ताचा दाब वाढतो. बीपी वाढले तरी बहुतेकदा काही दुखत नाही, म्हणून कळत नाही. कळते तेव्हा कधी लकवा मारलेला असतो, कधी किडनी बिघडलेली असते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. घरात पाच मोठी माणसे असतील तर दिवसाचे झाले २५ ग्रॅम. या हिशोबाने किलोची पिशवी ४० दिवस तरी पुरायला हवी. पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. २० दिवसांत संपली, तर मीठ दुप्पट चालले आहे असे समजा.

पापड, लोणचे, फरसाण विकत आणले तर त्यातले मीठ वेगळेच. पापडखारात आणि खाण्याच्या सोड्यातही सोडियम असते. पाकिटावर ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल, तर ते २ ग्रॅम मिठाएवढे झाले. सैंधवही मीठच आहे. रोजच्या वापराला आयोडीनचेच मीठ ठेवा, फक्त कमी.

मीठ चिमटीने नको, चमच्याने मोजून घाला. ताटात वेगळे मीठ वाढू नका. पापड असेल त्या दिवशी लोणचे नको. कालवणाला लिंबू, चिंच, लसूण, कोथिंबीर यांनी चव आणा. एकदम तोडू नका, थोडे थोडे कमी करा. काही आठवड्यांत जीभ सरावते.

जुलाब-उलट्या झाल्या तर मात्र ओआरएस द्यायचेच. तिथे त्यातले मीठ जीव वाचवते.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने पिशवीवरची तारीख सांगायची. त्याच दिवशी आशाताईंना बोलावून सगळ्यांचे बीपी मोजून घेऊ. १४० किंवा ९०च्या वर गेले, तर डॉक्टरांना दाखवू. गोळी चालू असेल तर मीठ कमी केले म्हणून ती आपल्या मनाने बंद करायची नाही.

घरात मीठ पडते ते आपल्याच हाताने. तेव्हा हा हिशोबही आपल्याच हातात आहे.