आभाळातला सोबती

अमरावती-अकोल्याकडे हेलिकॉप्टर दिसलं, की आपल्याला निवडणुकीच्या सभा आठवतात. आपल्याच विदर्भाच्या पूर्व टोकाला, गडचिरोलीत, मात्र त्याचा आवाज म्हणजे जखमी जवानाला मोठा आधार.

१ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी रस्त्यात पेरलेल्या भूसुरुंगाने पोलिसांना नेणारी गाडी उडवली. १५ जवान आणि गाडीचा चालक शहीद झाले. रस्ताच असा वैरी झाला, की जवान, रसद आणि मतदान पथकं हवेतून नेण्याचं मोल कळतं. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी मर्दिनटोल्याच्या जंगलात पोलिसांच्या सी-६० या नक्षलविरोधी पथकाची नक्षलवाद्यांशी चकमक झाली. चार जवान जखमी झाले. त्यांना हेलिकॉप्टरने नागपूरला आणलं. गाडीने हाच प्रवास तासन्‌तासांचा. रक्त वाहत असतं, तेव्हा तेवढी सवड कुठून असणार?

पण दाट झाडीत हेलिकॉप्टर उतरत नाही. खालच्या जवानांनाच मोकळी जागा शोधावी लागते, भोवती पहारा लावावा लागतो, वैमानिकाला वाऱ्याची दिशा दाखवावी लागते. उतरताना आणि उड्डाण घेताना हेलिकॉप्टरला गोळीचा धोका सर्वांत जास्त. त्या दोन-चार मिनिटांत जमिनीवरचा शिपाईच त्याची ढाल असतो.