वाचले ते बोलावे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला या व्यासपीठावर उभे राहण्याची आज्ञा केली, तेव्हा मी त्यांना नम्रपणे सांगितले की, मी साहित्यिक नव्हे. आयुष्यभर शाळेत मराठी शिकविलेला आणि कादंबऱ्या वाचण्याचे व्यसन जडलेला मी एक सामान्य मनुष्य आहे. त्यावर ते म्हणाले, "मग गुरुजी, त्या व्यसनाविषयीच बोला." गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वसतिगृहाचा निधी आणि वधूवरांची माहिती अशा भरगच्च कार्यक्रमात कादंबरीचा विषय आपणांस थोडा अवांतर वाटेल. तरीही आपण क्षणभर धीर धरून ऐकावे, अशी विनंती आहे.

आपल्या जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव. परंपरा सांगते की, संतांची मंडळी जमली असता मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना विचारले, 'यांत पक्के मडके कोणते आणि कच्चे कोणते?' काकांनी थापटी उचलली आणि एकेकाच्या मस्तकावर ठोकून पाहिले. सर्वजण शांत राहिले; नामदेवरायांना मात्र राग आला, आणि 'हे मडके कच्चे' असा निकाल मिळाला. नामदेवराय आपले, शिंपी समाजाचे! त्यामुळे ही कथा सांगताना आपण नेहमी थोडे संकोचतो. मला मात्र तिचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. ते रुसून बसले नाहीत. विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के होऊन आले. कच्चे असणे हा दोष नव्हे, ठोकून घ्यावयास नकार देणे हा दोष होय. आजचे माझे सांगणे याच धाग्यात ओवलेले आहे.

जानेवारी २०२० मध्ये ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या धाराशिव नगरीत भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते आणि संमेलननगरीला गोरोबाकाकांचेच नाव दिलेले होते. ज्या मुलखात १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाची राजवट होती, ज्या मुलखातील आमच्या वडीलधाऱ्यांना सरकारी शाळेत उर्दूतून शिकावे लागले, तेथे मराठी ग्रंथांच्या दुकानांसमोर गर्दी लोटलेली पाहून माझ्यासारख्याचे डोळे भरून आले. आपल्या समाजातील कित्येक घरी त्या तीन दिवसांत पुस्तकांचे गठ्ठे गेले. पुढे वर्षभराने मी ज्याला त्याला विचारू लागलो, "काय, कादंबरी कशी वाटली?" उत्तर ठरलेले: "छान आहे, गुरुजी." छान म्हणजे काय, हे कोणी सांगेना. थापटी कोणी उचलीतच नव्हते.

पूर्वी असे नव्हते. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून मराठी कादंबरी घरातल्या बाईचे दुःख घेऊनच जन्मास आली आहे. हरिभाऊ आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' पत्र काढले आणि 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्यातून क्रमशः दिली. एक प्रकरण वाचावयाचे आणि पुढच्याची वाट पाहावयाची. तोवर पुस्तक अर्धेच हाती. म्हणून मतही अर्धेच, पण बोलावयास भरपूर. यमूचे पुढे काय होणार, सासरच्यांनी वागले ते बरोबर की चूक, असे प्रश्न मनात घेऊनच वाचक पुढील अंकापर्यंत दिवस काढीत असणार. आज संपूर्ण पुस्तक एका दमात मिळते, आणि बोलणे मात्र संपले आहे.

आता माझा स्वतःचा अपराध सांगतो. तीसपस्तीस वर्षे मी ग्रंथालयातून माझ्या नावावर पुस्तके आणली. रात्री वाचावयाचे, दुसऱ्या दिवशी जेवताना निकाल सांगावयाचा: ही उत्तम, ती टाकाऊ. तीच पुस्तके दुपारी आमच्या घरातून वाचली जात, हे मला ठाऊक होते. परंतु "तुम्हांला काय वाटले?" असा प्रश्न मी कधी केला नाही. वर्गात चाळीस मुलांना प्रश्न विचारणारा मास्तर घरात एकच प्रश्न विचारावयास विसरला!

दोन वर्षांपूर्वी आम्ही पाचसहा कुटुंबांनी ठरविले की, महिन्यातून एका रविवारी आमच्या ओसरीवर बसावयाचे आणि ज्याच्या हाती सध्या जी कादंबरी असेल तिच्याविषयी त्याने बोलावयाचे. पुस्तक वाचून संपलेले असण्याची अट नाही. पहिल्याच बैठकीत सर्वांची पाळी झाली आणि एका लहान मुलीने विचारले, "आजी, तुम्ही काय वाचताय?" आमच्या मंडळींनी पदर सावरून सांगितले, "ययाति. तिसऱ्यांदा."

खांडेकरांची ही कादंबरी १९५९ सालची. १९७४ चे ज्ञानपीठ पारितोषिक तिला मिळाले. मराठीला मिळालेले ते पहिलेच ज्ञानपीठ. मी ती वर्गात मुलांना वासनेची आणि त्यागाची कथा म्हणून समजावून दिली होती. मंडळी म्हणाल्या, "सगळे ययातीच्या पश्चात्तापाचे कौतुक करतात. मला पहिल्या वेळी देवयानीचा राग आला, दुसऱ्या वेळी कीव आली. आता तिसऱ्या वेळी वाटते की, खरी कथा शर्मिष्ठेची आहे. तान्हे पोर घेऊन राजवाड्यातून बाहेर पडायचे, ते वाढवायचे, आणि शेवटी बापाने त्याचे तारुण्य मागायचे! त्या आईला कोणी विचारले का?" ओसरी स्तब्ध झाली. बंधुभगिनींनो, मी ते पुस्तक अनेकदा शिकविले होते; पण त्या बाजूने ते कधी उघडले नव्हते. तीन वाचनांत तीन मते झाली, आणि ती तिन्ही माझ्या घरात असून मला ठाऊक नव्हती.

दुसरा प्रसंग पितापुत्रांचा. आपल्या समाजातील एक गृहस्थ कापडाचे दुकान चालवितात. त्यांचा मुलगा पुण्यास शिकतो. तो सुटीत भालचंद्र नेमाडे यांची १९६३ सालची 'कोसला' घेऊन आला. वडिलांनी पाऊणशे पाने चाळून मत दिले, "बापाच्या पैशावर पुण्यात राहायचे आणि शेवटी हात हलवीत गावी यायचे, यात वाचण्यासारखे काय आहे?" मुलगा म्हणाला, "अण्णा, पांडुरंगाची बहीण मणी जाते, तिथपर्यंत वाचलेत का?" वडील गप्प राहिले. पुढच्या रविवारी ते स्वतः पुस्तक हाती घेऊन आले. कादंबरी आवडली नाही, हे मत त्यांनी कायम ठेविले. "पण तो भाग दोनदा वाचला," असे सांगून ते म्हणाले, "पोरगा घरी आल्यावर बोलत का नाही, ते थोडेसे कळले." एवढ्यासाठीही कादंबरी वाचावी, असे मला वाटते. जे बापलेक एकमेकांविषयी समोरासमोर बोलू शकत नाहीत, ते पांडुरंग सांगवीकराविषयी भांडू शकतात. आणि त्या भांडणात बरेच काही बोलून होते.

तिसरा प्रसंग आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. रा. रं. बोराडे हे लातूर तालुक्यातील काटगावचे. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत तो भाग आपल्याच जिल्ह्यात होता. ते २०२५ साली निवर्तले. त्यांची 'पाचोळा' ही कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली. गावातील एका शिंप्याचे घर कसे मोडत जाते, हे त्या घरची पारबती आपल्या तोंडाने, आपल्या मराठवाडी बोलीत सांगते. बोराडे गेल्यावर आम्ही ती कादंबरी बैठकीत मोठ्याने वाचावयास घेतली.

तीस पाने झाली आणि एका सन्मान्य सभासदांनी हरकत घेतली. ते म्हणाले, "आपल्या समाजाची दैना चारचौघांत कशाला मांडायची? आपली मुले डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली. त्यांच्यावर कोणी का लिहीत नाही?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांनी उपेक्षा सोसली त्यांना आपले चित्र चांगले उमटावे असे वाटणे स्वाभाविक आहे. आमच्यापैकी काहींनी माना डोलाविल्या.

बैठकीत एक वृद्ध आत्या होत्या. शाळा पाहिलेली नाही. पन्नास वर्षे हातशिलाई आणि काजबटणे करण्यात गेली. त्या म्हणाल्या, "आरं लेकरा, त्यानं काय चोरी केली व्हय? गरिबी हाय म्हणून सांगितली तर अब्रू जाती का? मी बी तशीच ऱ्हायलीय. माझं कुणी लिवलं न्हाई, हिचं तरी लिवलं. वाच फुडं." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "पण बाईच्या मनातलं ह्या बाप्याला कसं कळलं?"

या एका प्रश्नावर आमची पुढची दोन रविवारे गेली. हरिभाऊंची यमू काय आणि बोराड्यांची पारबती काय, दोघीही स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगतात. लिहिणारे मात्र पुरुष. कोणी म्हणाले, लेखकाने कान देऊन ऐकले असले पाहिजे. कोणी म्हणाले, तरीही बाईने लिहिले असते तर निराळे झाले असते. निर्णय झाला नाही. होण्याची आवश्यकताही नव्हती. हरकत घेणाऱ्या सभासदांचे मत अद्याप बदललेले नाही. परंतु आता ते संपूर्ण पुस्तक वाचून हरकत घेतात, आणि त्यामुळे त्यांच्या हरकतीला वजन आले आहे.

या अनुभवावरून दोनतीन गोष्टी सुचवितो. पहिली ही की, मतासाठी पुस्तक संपण्याची वाट पाहू नये. आपल्या धंद्यात आपण आधी कच्ची शिलाई घालतो, कपडा अंगावर घालून पाहतो, आणि मग पक्की टीप मारतो. कच्ची शिलाई उसवावी लागली, तर कोणी कारागिराला हसत नाही. अर्ध्या पुस्तकावरील मत तसेच समजावे. पुढे उसवावे लागले तर आनंदाने उसवावे.

दुसरी गोष्ट अशी की, 'छान' आणि 'टाकाऊ' हे दोन शब्द काही दिवस पेटीत बंद करून ठेवावेत. कोणत्या पानाशी थांबलात, कोणाचा राग आला, कोठे खोटे वाटले, हे सांगावे. कपड्याचे माप घेताना आपण 'बरा दिसतो' असे वहीत लिहीत नाही. छाती, कंबर, बाही यांचे आकडे लिहितो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्याला आजवर विचारले नाही त्याला प्रथम विचारावे. घरातील स्त्रिया, मुले, ज्यांना अक्षर येत नाही अशी वडीलधारी माणसे यांना वाचून दाखवावे आणि ऐकून घ्यावे. पुष्कळदा सर्वांत नेमकी थापटी त्यांच्याच हाती असते. आणि ती आपल्या आवडीच्या पुस्तकावर, आपल्या समाजाच्या चित्रावर किंवा आपल्या स्वतःवर पडली, तर नामदेवरायांचे पहिले रुसणे नव्हे, नंतरचे चालू लागणे आठवावे.

आपले मंडळ मुलांना वह्यापुस्तके देते, हे मोठे कार्य आहे. त्याच्या जोडीला प्रत्येक गावी, मग ते उमरगा असो, परंडा असो की कळंब, महिन्यातून एक ओसरी अशा बोलण्यासाठी मोकळी करावी, एवढी माझी विनंती आहे. तिला वर्गणी लागत नाही, ठरावही लागत नाही. आज घरी गेल्यावर आपापल्या घरातील माणसांना एवढेच विचारावे: "सध्या काय वाचता आहात, आणि तुम्हांला काय वाटते?" मी हा प्रश्न पस्तीस वर्षे उशिरा विचारला. आपण तेवढा उशीर करू नये.