आखूड पायांच्या पिल्लाला काम कोणते द्यावे?

डॅशहाउंड जातीचे आखूड, किंचित बाकदार पाय हा रोग नव्हे. बिळातली शिकार हुसकण्यासाठी जर्मनीत ही जात तशीच पैदा केली गेली. गावठी पिल्लाचे पाय वाढत्या वयात वाकू लागले, तर मात्र मुडदुसाची शंका घेऊन पशुवैद्यकास दाखवावे.

डॅशहाउंडची खरी काळजी पाठीची. मणक्यांमधल्या चकत्या पहिल्या वर्षातच कडक होऊ लागतात; पुढे ट्रॉलीवरून मारलेली एखादी उडीही मागचे पाय लुळे करू शकते. म्हणून उड्या, जिने, मोटारसायकलमागे पळवणे नको. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या भागाखाली ठेवावा. वजन वाढू देऊ नये.

मग करावे काय? नाकाला काम द्यावे. कडब्यात भाकरीचा तुकडा लपवून शोधायला लावावा. सकाळ-संध्याकाळ सपाट वाटेने थोडे चालवावे. राखणीला भुंकणे खणखणीत असते, तेवढे पुरे! उकरण्याची खोड जात नाही. तिच्यासाठी वाळूचा कोपरा द्यावा. बांधावरची उंदरांची बिळे टाळावीत. तिथे झिंक फॉस्फाईडचे आमिष असू शकते, सापही असतो.

पिल्लू मागचे पाय ओढू लागले, तर मालिश न करता फळीवर निजवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.