गुत्तीहून निघालेली पत्रे



हौसेने चालणाऱ्या एखाद्या अभ्यासमंडळाला परदेशातल्या मोठ्या महासंघात यायचे निमंत्रण आले, की कार्यकारिणीत हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, अशी संधी पुन्हा यायची नाही. दुसरा विचारतो, वर्गणी डॉलरमध्ये भरायची का? दोघांचेही म्हणणे रास्त आहे. पण त्यांच्या वादात एक तिसराच प्रश्न राहून जातो, आणि त्यासाठी मी आज तुम्हाला शंभर-सव्वाशे वर्षे मागे नेणार आहे.

१९०६ सालच्या डिसेंबरात गुत्तीच्या डेप्युटी कलेक्टरांनी काही परिचितांना पत्रे धाडली. गुत्ती म्हणजे मराठा सरदार मुरारराव घोरपड्यांची गुत्ती, तेव्हा मद्रास इलाख्यात होती. या कलेक्टरांचे नाव व्ही. रामस्वामी अय्यर. नोकरी महसूल खात्यात, वेड गणिताचे. आडगावी राहून नवी पुस्तके, नवी नियतकालिके मिळत नाहीत, ही त्यांची अडचण. त्यांनी सुचवले की सगळ्यांनी वर्गणी काढावी, पुस्तके मागवावीत आणि आळीपाळीने वाचावीत. एप्रिल १९०७ मध्ये वीस सभासदांचे मंडळ उभे राहिले. तेच पुढे ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’ झाले.

या मंडळाचे ग्रंथालय कुठे होते? पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत प्रथम येऊन सीनियर रँग्लर ठरलेले पहिले भारतीय, रँग्लर परांजपे, तिथे प्राचार्य होते आणि या ग्रंथालयाचा भार त्यांनी उचलला. युरोपातून आलेले अंक पुण्याहून टपालाने सभासदांकडे जात आणि टपालानेच परत येत. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या शिक्षकाला पॅरिस-बर्लिनमध्ये काय चालले आहे ते असे पार्सल उघडल्यावर कळायचे. पगार कोणालाच नव्हता. पार्सल बांधायचे, नोंदवहीत टिपायचे आणि वेळेवर अंक परत न करणाऱ्याला स्मरणपत्र घालायचे, एवढाच सगळा कारभार. (स्मरणपत्रे घालणाऱ्या चिटणिसाचे हाल आजही तसेच आहेत, हे कोणत्याही मंडळात विचारून पाहा.)

मंडळाने १९०९ पासून स्वतःचे नियतकालिक काढले. त्यात सभासदांनी घातलेले प्रश्न छापायचे आणि सभासदांनीच ते सोडवायचे. १९११ साली एका पदवी नसलेल्या तरुणाने त्यात एक प्रश्न घातला. रेडिओवर गणित सांगणे जरा धाडसाचेच, तरी ऐका. एकात दोन पट काहीतरी मिळवून त्याचे वर्गमूळ घ्यायचे. ते ‘काहीतरी’ म्हणजे एकात तीन पट आणखी काहीतरी मिळवून घेतलेले वर्गमूळ, त्यातले ‘आणखी काहीतरी’ म्हणजे एकात चार पट पुढचे मिळवून घेतलेले वर्गमूळ, आणि असेच अनंतापर्यंत. एकूण किंमत किती? तीन अंक निघाले, उत्तर कोणाकडूनच आले नाही. उत्तर साधे तीन. तीन म्हणजे नऊचे वर्गमूळ, आणि नऊ म्हणजे एक अधिक दोन गुणिले चार. त्यातले चार म्हणजे सोळाचे वर्गमूळ, सोळा म्हणजे एक अधिक तीन गुणिले पाच. आता पाचालाही तसेच उलगडा. कागद घेऊन बसलात तर गंमत कळेल.

तो तरुण म्हणजे श्रीनिवास रामानुजन. नोकरी मागायला तो याच रामस्वामी अय्यरांकडे गेला होता. त्याच्या वह्या चाळून त्यांना वाटले की या माणसाला महसूल खात्यातली कारकुनी देणे हा अन्याय ठरेल. त्यांनी ओळखीची पत्रे दिली. त्या ओळखींतून तो रामचंद्र राव या गणितप्रेमी कलेक्टरांपर्यंत पोहोचला आणि त्यांनी त्याला दरमहा पंचवीस रुपये द्यायला सुरुवात केली. केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना त्याचे प्रसिद्ध पत्र गेले ते १९१३ साली. त्याआधीच या छोट्या मंडळाने त्याला छापून टाकले होते.

आता समुद्रापलीकडे पाहू. १९२० साली, रामानुजन गेले त्याच वर्षी, स्ट्रासबर्गला आंतरराष्ट्रीय गणित संघ स्थापन झाला. महायुद्ध संपून जेमतेम दोन वर्षे झाली होती. नाव आंतरराष्ट्रीय, पण जर्मनी आणि तिच्या बाजूने लढलेल्या देशांतल्या गणितज्ञांना मज्जाव. म्हणजे त्या काळी गणितात जे देश आघाडीवर होते, त्यांतलाच एक दाराबाहेर! रामानुजनांचे हार्डी या बहिष्काराच्या विरोधात ठामपणे उभे राहिले. अमेरिकेतही कुरबूर झाली आणि तिथे भरायची १९२४ ची गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद शेवटी टोरांटोला भरवावी लागली. १९२८ मध्ये बोलोन्याच्या परिषदेत संघाचेच इटालियन अध्यक्ष पिंकर्ले यांनी नियम बाजूला सारून सर्वांना बोलावले. तिथे जायला जर्मनीतही काहींचा विरोध होता. तरी वृद्ध जर्मन गणितज्ञ हिल्बर्ट आपल्या देशबांधवांना घेऊन गेले. पुढे चारच वर्षांत, १९३२ साली झ्युरिचला, तो संघ गुंडाळला गेला. गणित काही त्यामुळे थांबले नाही.

१९५१ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला तो दार सर्व देशांना उघडे ठेवूनच. या कामी अमेरिकेचे मार्शल स्टोन पुढे होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले के. चंद्रशेखरन १९६१ पासून या संघाचे चिटणीस होते आणि १९७१ ते १९७४ अध्यक्ष. २०१० ची आंतरराष्ट्रीय परिषद हैदराबादला भरली. तेव्हा मोठ्या संघाचे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. तरुण संशोधकाला प्रवासखर्च, व्याख्यात्यांची ये-जा, जगभरची ओळख हे एकट्या मंडळाच्या आवाक्यातले नाही.

पण या संघात सभासद असतो तो देश. देशांचे वर्ग पाडलेले, वर्गागणिक वर्गणी आणि वर्गागणिक मते, एकापासून पाचपर्यंत. देशातर्फे एखादी अकादमी किंवा समिती बोलते. हौशी मंडळाचा सभासद तिथे दिसत नाही आणि तो दिसावा अशी रचनाही नाही. असा संघ देशांची यादी उत्तम ठेवेल, पण बिनपदवीच्या रामानुजनाची वही उघडून पाहायला वेळ आणि मन लागते ते गुत्तीच्या कलेक्टरासारख्याचेच.

म्हणून निमंत्रण आले तर मी अर्ज करा असेच म्हणेन. मात्र पहिल्याच पत्रात विचारून घ्या की सभासदत्व मंडळाचे की देशाचे, मत कोण टाकणार, कोणाला बंदी आहे आणि ती उठवायचा अधिकार कोणाचा. शिवाय परिषदेला जाणाऱ्या प्रतिनिधीचा खर्च अंकाच्या छपाईतून किंवा ग्रंथालयाच्या टपालातून काढायचा नाही, असा ठराव करून ठेवा. आणि तो सर्वसाधारण सभेत अर्जाच्या आधी मंजूर करून घ्या. एकदा विमानाचे तिकीट निघाले की अशा ठरावाला अनुमोदक मिळत नाही.