हातोडी चामड्याची: बाबांनी शिकवलेली गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आज जरा ठोकाठोक आहे.

मी महागावचा, यवतमाळ जिल्ह्यातला. बाबा चपला-बूट शिवतात, दुरुस्त करतात. कॉलेजात कुणी विचारलं, "वडील काय करतात?" की मी म्हणायचो, "बिझनेस." पुढे मोबाईलवर व्हिडिओ बघून मीच चामड्याचे पट्टे करायला लागलो. तेही बाबांना न विचारता!

पहिली ऑर्डर आली. हार्डवेअरच्या दुकानातून सुताराची हातोडी आणली. दोन थर सोल्युशन लावून चिकटवले आणि वरून दणादण ठोकले. पट्टाभर नखासारख्या अर्धगोल खुणा! घासून जाईनात.

बाबा म्हणाले, "काऊन रे, खिळा ठोकून रायला का? चामडं ठोकाचं नसते, दाबाचं असते."

मग त्यांनी स्वतःची हातोडी माझ्या हातात दिली. तोंड रुंद, मध्ये किंचित फुगीर, कडा गोल, आणि स्टीलच्या ताटासारखं गुळगुळीत. माझ्या हातोडीच्या कडा धारदार होत्या. हात जरा कलला की कड रुतायची. सालीनं कमावलेलं चामडं, त्यातून ओलसर असेल, तर प्रत्येक ठसा धरून ठेवतं.

म्हणून घेताना आधी तोंडावरून बोट फिरवा. कड बोटाला लागली तर चामड्यालाही लागणार. जड हातोडी नको, तासभर चालवून मनगट दुखणार नाही अशी घ्या. सुताराचीच असेल तर कानशीनं कडा गोल करा, मग जाड ते बारीक पॉलिश पेपर मारा. मी तेच केलं.

वापरताना सोल्युशन बोटाला चिकटेनासं झालं की थर जोडा. मधून कडेकडे हलक्या हातानं या, म्हणजे हवा आत अडकत नाही. शिवण झाल्यावर टाकेही असेच बसवा. भोकं पाडायच्या पंचवर मात्र लोखंडी हातोडी नको. पंचचं डोकं चेपतं, कपचा उडू शकतो. तिथे लाकडी मोगरी.

आणि ठोकणं म्हणजे फक्त चिकटवणं नाही. तळाचं चामडं ठोकलं की तंतू घट्ट बसतात, तळ सावकाश झिजतो. ज्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळालं, तिच्या तळामागेही हीच हातोडी आहे.

तो पट्टा मी पुन्हा केला. चामड्याचे पैसे माझ्या खिशातून गेले. बिघडलेला पट्टा मीच कमरेला बांधतो. कुणी खुणांबद्दल विचारलं की सांगतो, "बाबा चांभारकाम करतात, मी शिकतोय."

तुमच्या घरात असं कुठलं जुनं अवजार पडलंय का? व्हिडिओ नंतर बघा. आधी ते ज्याचं आहे, त्याच्याजवळ जाऊन बसा.

भेटू पुढच्या भागात!