बांधावरची अंडी : कोणती मोडायची, कोणती ठेवायची?

मोहोळकडच्या एका शेतकरीदादांनी बाभळीच्या काटकीवरचा वाळक्या फेसाचा गोळा दाखवला. म्हणाले, "साहेब, नाकतोड्याची अंडी. जाळतो."

म्हटलं, "थांबा! ही खंडोबाच्या किड्याची."

हा किडा इतर किडे धरून खातो. मधमाशीलाही सोडत नाही, हे खरं. पण पिकाला तोंड लावत नाही.

नाकतोडा अंडी घालतो जमिनीत, बांधाच्या कडेला दोन-तीन इंच खोल, पुंजक्यानं. दोघांनाही कोषावस्था नाही. पिल्लं मोठ्यांसारखीच, फक्त बिनपंखांची. पंख फुटले की नाकतोडा उडून शेजारच्या ज्वारीत जातो, म्हणून बंदोबस्त अंड्यांतच करावा. उन्हाळ्यात बांधाच्या कडा वरवर खणा, बांध मात्र फोडू नका. उघडी अंडी उन्हानं वाळतात, पाखरं वेचतात. काटकीवरचा गोळा तसाच राहू द्या.