विहिरीच्या तळाची हवा



हवेवर व्याख्यान म्हटले की श्रोत्यांना वाटते, आता उकाड्याविषयी चार शब्द ऐकायला मिळणार. आम्हांला बोलावयाचे आहे ते खाली, विहिरीच्या आणि पेवाच्या तळाशी साचणाऱ्या हवेविषयी.

आपण येथे बसून जी हवा घेतो तिच्या शंभर भागांत ७८ भाग नायट्रोजन, २१ भाग ऑक्सिजन, आणि उरलेल्या एका भागात बहुतेक सारा आरगॉन. कार्बन डायॉक्साइड, ज्याला आपण सोयीसाठी कर्बवायू म्हणू, तो दहा हजारांत चार-सव्वाचार भाग. पण या चिमूटभर वायूवरच सारी शेते पोसली जातात. गोळीसोड्याची गोळी आत ढकलताच फसफसून वर येतो तो हाच, आणि पावाला जाळी पडते तीही याच्यामुळेच.

हा वायू हवेपेक्षा दीडपट जड. इंग्लंडात लीड्स येथे प्रीस्टलेच्या घराशेजारी बिअरचा कारखाना होता. तेथल्या पिंपांवर या वायूचा थर साचे. जळती काडी त्यात धरली की विझे. या शेजारातूनच त्याला पाण्यात वायू मुरवण्याची युक्ती सुचली, आणि ती त्याने १७७२ साली छापून टाकली. पेटंट घेतले नाही, हे आमच्या व्यापारी मित्रांनी ध्यानात घ्यावे!

आता आपल्याकडे या. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती. बंद पेवात माल, त्यातली कीड आणि बुरशी ऑक्सिजन खाऊन टाकतात व कर्बवायू सोडतात. म्हणून पेव उघडल्याबरोबर जाणता माणूस आत उतरत नसे. तोंड उघडे ठेवून वाट पाहावयाची, मग दोरीने कंदील सोडावयाचा. विझला तर आणखी थांबावयाचे.

आमच्या मते या कंदिलावर आज विसंबू नये. ऑक्सिजन सोळा-सतरा टक्क्यांवर येईपर्यंत ज्योत तग धरते, म्हणजे ती विझेतो माणसाच्या हाती फारसा अवधी उरत नाही. शिवाय जेथे शेण कुजते तेथे मिथेन असतो. तेथे ज्योत नेणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तर ज्योतीला धक्काही न लावता माणसाला आडवा करतो. त्याचा वासही भरवशाचा नाही. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते.

२०२४ च्या एप्रिलात नगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातील वाकडी गावी शेणाची रबडी साठवलेल्या पडक्या विहिरीत एक मांजर पडले. ते काढावयास एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. अशी पाच माणसे गेली. त्यांच्यामागे उतरलेला आणखी एक जण वाचला. त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता.